टोकाला कान असलेली दुर्बीण

मित्रांनो, काचेच्या कपाटात ही लांबलचक काळी नळी टांगलेली दिसते ना, तिला साप समजून मागे सरू नका. ती मी. दवाखान्यातले लोक मला दुर्बीण म्हणतात. चंद्र-तारे बघणारी दुर्बीण वेगळी. मला माणसाच्या तोंडातून आत सोडतात आणि मी पोटातलं बघून येते. मला हौसेनं कुणी बोलावत नाही. तरी छत्रपती संभाजीनगरच्या या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं, आणि ते वाया गेलं असं मला मुळीच वाटत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी माझ्या अंगात केसाएवढ्या तारा ओवल्या, टोकाला कॅमेऱ्याचा डोळा बसवला आणि डोळ्याशेजारी एक कान. हो, कान. साध्या दुर्बिणींना नुसतं दिसतं, मला ऐकूही येतं. जठराच्या भिंतीपलीकडे डोळा पोचत नाही, तिथं मी आवाज सोडते. तो तुमच्या कानांना ऐकू यायचा नाही. आतल्या अवयवांवर आपटून तो परत येतो, मी तो टिपते आणि पडद्यावर चित्र उमटतं. या कानाचा मला थोडा तोरा आहे, कशाला खोटं बोलू?

इथं आले तेव्हा माझे फार लाड झाले. डॉक्टर दीपमाला मॅडम मला दोन्ही हातांनी उचलायच्या. मला धुण्याचं काम मुकुंदवाडीच्या सरिताकडे होतं. ती माझ्या आतल्या अरुंद वाटेत लांब ब्रश घालून घासायची, औषधाच्या पाण्यात बुडवायची, कोरडं करून टांगायची. मग एक नवी दुर्बीण आली, माझ्यासारखीच कान असलेली, पण तुकतुकीत, नखरेल. मॅडम तिलाच मागवू लागल्या. मी कपाटात लटकत राहिले आणि मनातल्या मनात कुढत राहिले. सरिता मला पुसताना म्हणायची, "म्हातारे, तुझी पण पाळी येईल."

ती पाळी आली साहेबरावांमुळे.

साहेबराव पैठणचे आचारी. मोठमोठ्या लग्नांतलं वरण त्यांनी चाखल्याशिवाय पंगतीत जात नसे. त्याच माणसाला अन्न नकोसं झालं. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला खाज, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. तपासणीत स्वादुपिंडाला गाठ दिसली. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे दडलेला, अन्न पचवायला रस देणारा अवयव. नव्या दुर्बिणीतून बारीक सुई घालून त्या गाठीतल्या पेशी काढल्या, पण त्या आल्या सुट्या, विस्कटलेल्या. तपासणाऱ्यांनी कळवलं, कॅन्सर दिसत नाही, पण नसेलच असंही सांगता येत नाही. तेव्हा मोठं ऑपरेशन ठरलं. गाठीबरोबर थोडं आतडं, पित्ताची नळी, असं बरंच कापून पुन्हा जोडायचं होतं.

साहेबराव बायकोला म्हणाले, "सत्यभामा, उठलो तर उठलो. पण माझा झारा कुणाला देऊ नको."

त्या दुपारी सत्यभामाबाई बाटली भरायला आमच्या धुण्याच्या खोलीशी आल्या आणि दारातच बसून रडायला लागल्या. सरिता मला पुसत होती.

"काकू, काय झालं?"

"माझ्यामुळंच झालं गं हे. बाजारातून काविळीची पुडी आणून ताकातून देत व्हते मी त्यान्ला."

"मॅडमला सांगितलं का?"

"नाय. तिथं भिंतीवर लिव्हलंय ना, बाहेरचं औषध घेऊ नका म्हणून. मॅडम लई रागावतील. हे बी म्हणले, बोलू नको."

"पुडीनं जास्त झालं का?"

"तसं नाय. पुडी व्हती तवर डोळे निवळले, भाकर खायला लागले व्हते. मग पुडीवाला बाजारात यायचा बंद झाला, अन् हे पुन्हा पिवळे."

सरिताचा हात माझ्यावर थांबला. "काकू, हे आत्ताच सांगू मॅडमला. चला, मी येते संगं."

मॅडम रागावल्या. मग सत्यभामाबाईंना खुर्ची देऊन म्हणाल्या, "कॅन्सरची गाठ अशी ओसरत नाही, मावशी. पण तसल्या पुड्यांत काही लोक चोरून सूज उतरवणारं स्टेरॉइड मिसळतात. त्यानं उतरणारा एक वेगळाच आजार असतो. ऑपरेशन थांबवू. आता सुट्या पेशी नकोत, मला अख्खा तुकडा पाहिजे."

नवी दुर्बीण नेमकी दुरुस्तीला गेली होती. सरितानं मला कपाटातून काढलं.

साहेबरावांना झोपेचं औषध दिलं आणि मी निघाले. घसा, जठर, मग आतड्याचं वळण. तिथं भिंतीला टेकले आणि कान लावला. स्वादुपिंड सुजून जाडजूड झालं होतं. शेजारीच रक्ताची मोठी वाहिनी धडधडत होती. तिला चुकवून माझ्या आतल्या वाटेनं मॅडमनी सुई पुढे सरकवली. ही सुई बिचारी एकदाच वापरायची, मग फेकायची. पण ही वेगळ्या घडणीची होती, टोकाची धार तुकडा कापून आणणारी. खरं सांगते, मला भीती वाटत होती. माझी वाकायची ताकद कमी झाली होती. वळणावर मी जराशी घसरले असते तर? पण धरून राहिले. सुई बाहेर आली, मॅडमनी बशीत हलकेच झटकली, आणि शेवईएवढा पांढुरका तुकडा पडला. मॅडम म्हणाल्या, "शाबास म्हातारे." किती दिवसांनी ऐकलं मी ते.

पुढच्या तपासणीत त्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच स्वादुपिंडात दाटीनं शिरून त्याला छळत होत्या. मॅडमनी साहेबरावांना समजावलं, "घरचा राखणदार कुत्रा घरच्यांनाच चावायला लागला, असं समजा. याला ऑटोइम्यून पॅनक्रिएटायटिस म्हणतात. कापायचं नाही. स्टेरॉइडच्याच गोळ्या आहेत, पण मोजून, माझ्या देखरेखीखाली. आणि ती पुडी पुन्हा नको."

"व्हय," साहेबराव म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

थंडीच्या दिवसांत दोघं पुन्हा आले. साहेबरावांचे डोळे स्वच्छ, सदरा अंगाला बसलेला. "जय भीम, मॅडम," म्हणून त्यांनी टेबलावर डबा ठेवला. "वरण आणलंय. मीच चाखून मीठ घातलंय." सत्यभामाबाई मात्र आधी सरिताकडे आल्या आणि तिचा हात किती तरी वेळ सोडेनात. भिंतीवरच्या त्या पाटीखाली आता एक ओळ वाढली आहे. घेतलं असेल तर सांगा, रागावणार नाही. ती मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिली आहे.

मित्रांनो, आता माझी कातडी तडकली आहे. पाण्यात बुडवलं की बुडबुडे येतात, म्हणून मला कुणाच्या पोटात सोडत नाहीत. नव्यानं शिकायला आलेल्या मुलींना सरिता माझ्यावर ब्रश फिरवून दाखवते. त्यांना बजावते, आत एक थेंब जरी लपून राहिला तर तो पुढच्या माणसाला बाधतो. माझ्यासारख्यांना तेवढ्या मायेनं धूत जा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तुमच्या घरात कुणी आजारी पडलं, तर काही न लपवता डॉक्टरांना सांगा. साहेबरावांच्या स्वादुपिंडाला मी कान लावला, पण ती पुडी काही मला तिथं ऐकू आली नाही. ती सत्यभामाबाईंनाच सांगावी लागली.