घुमटातली झडप

मित्रांनो, माझी ओळख करून द्यायला कुणी पुढे येणार नाही, हे मला ठाऊक आहे. इंजिनाबद्दल बोलताना लोक शिट्टीबद्दल बोलतात, चाकांबद्दल बोलतात, धुराबद्दल तर फारच बोलतात. म्हणून माझं मीच सांगते. मी वाफेच्या इंजिनाची एक जुनी झडप आहे. कांस्याची, सपाट, तव्याहून लहान आणि वजनाला वरवंट्याइतकी. बॉयलरच्या माथ्यावर जो घुमट असतो, त्यात मी राहते. आतली वाफ चाकांकडे सोडायची की नाही, आणि सोडायची तर किती, एवढंच माझं काम. रेल्वेतली मंडळी मला रेग्युलेटर म्हणतात. काशीत घुमटाखाली बसणाऱ्याला लोक लांबूनच हात जोडतात. मला कुणी जोडले नाहीत, कारण माझ्या घुमटाला झाकण होतं.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला ओतलं, तासलं, मग एका माणसाने माझ्या अंगावरून अंगठा फिरवला आणि शेजारच्याकडे बघून मान हलवली. मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र, आणि पुढे बरीच वर्षं शेवटचंही. नंतर मी जहाजातून इकडे आले आणि अरुंद रुळांवरच्या एका छोट्या इंजिनात बसले. आम्ही ऊस नेला, दगड नेले, वऱ्हाडं नेली, आणि काशीला निघालेले यात्रेकरू तर इतके नेले की थोडं पुण्य आमच्याही खात्यात पडायला हरकत नव्हती.

पण माझ्या घडणीत एक अडचण होती. बॉयलरमधली सगळी वाफ माझ्या पाठीवर बसलेली असे आणि माझ्या खालची नळी रिकामी असे. वर मरणाची गर्दी, खाली शुकशुकाट. अशा वेळी ड्रायव्हरने मला जोडलेला दांडा ओढला तरी मी हलत नसे. तो आणखी ओढी. मी तशीच. मग तो पाय रोवून, खांदा लावून, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून ओढी, आणि मी एकदम सुटे. वाफ धाडकन पुढे जाई, चाकं जागच्या जागी गरगरत आणि गाडीला असा हिसका बसे की आजीबाईंच्या मांडीवरचा गंगाजलाचा गडू समोरच्या जावईबुवांच्या पायांवर. शिव्या ड्रायव्हरला पडत. शिट्टी छान वाजली की कौतुकही त्याचंच होई. माझ्या वाट्याला दोन्ही नव्हतं.

पुढे डिझेल आलं आणि आम्हाला वाराणसीतल्या एका शेडच्या मागे उभं करून ठेवलं. धुराड्यात साळुंक्यांनी संसार थाटला. माझ्या दांड्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घालू लागलं. मला बरं वाटलं. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

आता मालविकाबद्दल सांगते. ती शेडमधली इंजिनियर. चाळिशी ओलांडलेली, दुर्गाघाटावरच्या जुन्या मराठी घराण्यातली. या इंजिनाने रेल्वे कॉलनीच्या बागेत गोल रुळांवर मुलांना फिरवावं, हे तिच्या डोक्यातून निघालं. वरिष्ठांच्या मागे लागून, सुट्ट्या खर्ची घालून तिने आम्हाला बाहेर काढलं, बॉयलर दुरुस्त करून तपासून घेतला. सहकारी तिला 'इंजिनवाली बहनजी' म्हणत, आणि त्यात कौतुक कमीच होतं.

पहिल्या चाचणीला तिचे वरिष्ठ रत्नाकरसाहेब आले. साहेब मूळचे अकोल्याचे, स्वभावाने सज्जन, आणि पहिल्याच डब्यात बसले. पांढरा शर्ट, हातात चहाचा कप. इंजिनावर वेणीमाधवकाका होते. ते निवृत्त ड्रायव्हर, ब्रह्माघाटावर राहणारे. काकांनी पाय रोवला, खांदा लावला, ओढलं, आणखी ओढलं, आणि मी सुटले.

साहेबांनी शर्टाकडे पाहिलं. मग रुमाल काढून शांतपणे म्हणाले, "मालविकाबाई, हे मुलांसाठी आहे ना?"

"हो सर."

"मग पालकांना मुलं जशीच्या तशी परत मिळायला पाहिजेत हो."

"साहेब, वाफेची गाडी अशीच उठते," काका म्हणाले. "सारी उमर मी अशीच उठवली."

"म्हणूनच तुम्हाला काही वाटत नाही. चबुतरा बांधा. इंजिन वर ठेवा, छान रंग द्या, आणि ती झडप वेल्ड करून टाका. म्हणजे कुणी हात लावला तरी गडबड नको."

मित्रांनो, झडप वेल्ड करणं म्हणजे तोंड कायमचं शिवणं. मी घुमटात बसून ते ऐकलं.

मालविका म्हणाली, "सर, एक संधी द्या. मी झडप सुधारते."

"दसऱ्याला संध्याकाळी मी बदलीच्या गावी निघतोय," साहेब म्हणाले. "त्या दुपारी दाखवा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर चबुतऱ्याला मंजुरी देऊन जातो. रंग तर मी मागवूनच ठेवतो."

त्याच दिवशी तिने मला बाहेर काढलं आणि कापडी पिशवीत घालून घरी नेलं. दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी जात नाही, माणूस जातो, आणि तोही समोर बैल नसला तर. त्या दिवशी होता. त्याच्या मर्जीने आम्ही पोचलो तेव्हा तिचे वडील, ढुंढिराजशास्त्री, झोपाळ्यावर बसले होते.

"पिशवीत काय आणलंस? घंटा?"

"झडप आहे, अण्णा. वाफेवरची."

"या घरात वाफेवर चालणाऱ्या दोघी आधीच आहेत. तिसरी कशाला?"

"ऐकू येतंय मला," आतून शरदिनीबाई म्हणाल्या. त्या मालविकाच्या आई.

मालविकाने मला टेबलावर ठेवलं. "अण्णा, हिच्या अंगात एक भोक पाडायचंय, आणि त्यावर एक छोटी झडप बसवायचीय."

"धडधाकट वस्तूला भोक? याला सुधारणा म्हणतात?"

"आपल्या गल्लीच्या तोंडाशी तो मोठा दरवाजा आहे ना, तो तुम्ही कधी पूर्ण उघडलेला पाहिलाय?"

"कशाला उघडायचा? चार माणसं लागतात. त्यातला दिंडीदरवाजा आहे की, त्या लहान दारातून सगळे जातात."

"तेच. दांडा ओढला की आधी छोटी झडप सरकेल. भोकातून थोडी वाफ खाली जाईल, रिकामी नळी भरेल. वरचा आणि खालचा दाब जवळपास सारखा झाला, की ही मोठी आपोआप हलकी होईल."

अण्णांनी थोडा विचार केला. "हे तुला सुचलं?"

"नाही हो. मोठ्या इंजिनांत कधीपासून आहे. पुस्तकात चित्रासकट आहे. या बिचारीपर्यंत कुणी आणलं नाही, एवढंच."

अण्णा हसले. ज्ञान काशीत मुबलक आहे. ते गल्लीच्या आत पोचायला मात्र वेळ लागतो.

शेडमध्ये मला भोक पाडलं आणि त्यावर छोटी झडप बसवली. दुखलं नाही म्हणणार नाही. मग रोज कामावरून आल्यावर मालविका घरच्या डायनिंग टेबलाच्या जाड काचेवर धातू झिजवणारी बारीक पूड आणि तेल टाकून माझा तळ घासू लागली. माझा तळ नळीच्या तोंडावरच्या बैठकीवर इतका तंतोतंत टेकायला हवा की मधून वाफेचा श्वाससुद्धा जाता कामा नये. नाहीतर दांडा बंद असतानाही गाडी आपली आपण चालू लागते. काचेला निळा रंग फासून ती मला त्यावर टेकवी आणि उचलून बघे. तळाला निळं सगळीकडे सारखं लागलं, की तळ सपाट. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ते तसं लागलं. तिने अंगठा फिरवला. मला माझं बालपण आठवलं.

खंडेनवमीला मराठी घरात ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. अण्णांच्या पोथ्या, शरदिनीबाईंची विळी, आणि यंदा मालविकाची मी. एकदा पूजेला लागलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायचं नाही, हाही नियम. त्यात अडचण काही नव्हती. दसऱ्याच्या सकाळी मला उचलून इंजिनात बसवायचं, असं ठरलं होतं.

नवमीला सकाळी मालविका चहा घेऊन देवघरात आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"आई, ही कुणी घासली?"

"मीच," शरदिनीबाई म्हणाल्या. "देवापुढे असली काळीनिळी ठेवणार होतीस? चिंच लावली, विटेची पूड लावली. बघ कशी समईसारखी निघाली. खालून तर फारच घाण होती, तिथे चांगला जोर लावला."

मालविका खाली बसली. माझ्या तळावर ओरखडे होते, आडवे, उभे आणि अगदी मनापासून काढलेले. मित्रांनो, इतक्या प्रेमाने माझं एवढं नुकसान कुणीच केलं नव्हतं. जावईबुवांच्या पायांवर गडू पाडूनही मला कुणी असं घासलं नव्हतं.

"बिघडलं का गं काही?" शरदिनीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"सगळं परत घासावं लागेल. शेड आज बंद आहे. आणि पूजा झाली की हात लावता येणार नाही."

दोघींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पंचांगाकडे पाहिलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना नियम सांगितले, त्याला ते वाकवताना बघणं मोठं गमतीचं असतं, पण अण्णांनी ते वाकवले नाहीत. ते म्हणाले, "नवमी सूर्यास्तापर्यंत आहे. पूजा सकाळीच केली पाहिजे असं कुठे लिहिलंय? मी संध्याकाळी करीन."

"आणि नैवेद्य?" शरदिनीबाई म्हणाल्या. "पुरण शिजलंय. पूजेशिवाय जेवायचं नाही."

"मग नाही जेवायचं. एक दिवस वाफेवर राहू."

असं ते घर माझ्यासाठी उपाशी बसलं. तसंही जेवणाचं टेबल माझ्याच ताब्यात होतं. दुपारपर्यंत मालविकाचं मनगट भरून आलं. अण्णांनी तिला उठवलं आणि स्वतः बसले. त्यांनी मला अशी दाबली की काच कुरकुरली.

"अण्णा, दाबू नका. तिच्या वजनानेच घासू द्या. सहाणेवर चंदन उगाळता ना, तसं."

"मग आधीच सांगायचंस, चंदन म्हणून."

त्यांचा हात लगेच बदलला. हलका, गोल, घाई नसलेला. शरदिनीबाई थेंब थेंब तेल सोडत होत्या आणि अधूनमधून विचारत होत्या, "आता तरी पुसू का?" दोघंही एकदम म्हणत, "नको." सावल्या लांबल्या तेव्हा मालविकाने निळा रंग फासला, मला टेकवलं आणि उचललं. निळं सगळीकडे सारखं लागलं होतं. मऊ फडक्याने पुसून मला देवापुढे ठेवलं, फूल वाहिलं. कुंकू मालविकाने लांबूनच दाखवायला लावलं. मग सगळे जेवले. मालविकाच्या वाट्याच्या पुरणपोळ्या शरदिनीबाईंनी न विचारता वाढवल्या.

दसऱ्याला दुपारी बागेत गर्दी होती. साहेब या वेळी डब्यात बसले नाहीत. गडद शर्ट घालून, चहा घेऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. पण त्यांची मुलगी रुचा पहिल्या डब्यात चढून बसली होती आणि ती कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. साहेबांच्या बाजूला रंगाचे डबे रचलेले होते.

वेणीमाधवकाकांनी पाय रोवला.

"काका, एका हाताने," मालविका म्हणाली. "खांदा लावलात तर ती एकदम पूर्ण उघडेल. मतलब, पुन्हा तेच होईल."

"बेटी, एका हाताने रेग्युलेटर उघडणारा ड्रायव्हर मी बघितला नाही."

"मग डावा हात खिशात ठेवा."

काकांनी खरंच हात खिशात घातला, आणि दांडा इतका हळू ओढला जणू झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढतायत.

आतलं मी सांगते, कारण आत मी एकटीच होते. छोटी झडप सरकली. भोकातून वाफेचा एक धागा खाली उतरला. नळी भरत गेली. आणि माझ्या पाठीवरचं ते ओझं, जे मी जन्मापासून माझंच समजत होते, हळूहळू उतरलं. काकांनी दांडा आणखी थोडा ओढला आणि मी सरकले. कुणी मला ओढलं असं वाटलंच नाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मालविकाबाई, सुरू कधी करताय? मला संध्याकाळची गाडी आहे."

रुचाने डब्यातून हात हलवला. "बाबा, टाटा."

साहेबांनी मान वर केली तेव्हा डबा कडुनिंबाच्या पुढे गेला होता. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे, आणि मग स्वतःच्या पायांकडे, आपण तर चालत नाही ना हे बघायला.

गाडी वळण घेऊन परत आली. काकांनी दांडा बंद केला. इंजिन उभं राहिलं आणि उभंच राहिलं. काकांनी डावा हात खिशातून काढला आणि मालविकाच्या डोक्यावर ठेवला.

"चबुतरा राहू दे," साहेब म्हणाले. "पण या रंगाचं काय करायचं?"

"बागेतल्या बाकांना लावू, सर."

"लावा. आणि आता मीही बसतो. कप इथेच ठेवतो मात्र."

"घेऊन बसा, सर," मालविका म्हणाली.

ते कप घेऊन बसले. अख्खा फेरा झाला, चहा कपातच राहिला.

मित्रांनो, आता दर रविवारी मी मुलांना फिरवते. वर्षातून एकदा माझं झाकण काढून कुणी माझा तळ बघावा, मऊ फडक्याने पुसावा, एवढंच माझं मागणं आहे. आणि तुमच्या आसपास कुणी जुनं अडून बसलं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला खांदा लावण्याआधी त्याच्या पाठीवर काय बसलंय ते बघा. बघायला थोडा वेळ लागतो. तेवढा त्याला द्या.