नागभीड पॅसेंजरचा गार्ड

नागसेन रामटेकेला कोणी 'ट्रेन मॅनेजर' म्हटलं की त्याचं टाळकं सटकायचं. हुद्द्याचं हे नवं नाव आलं तेव्हा तो कधीच रिटायर झाला होता. तरी तो राहायचा त्या नंदनवन वस्तीतला एक शेजारी त्याला कौतुकानं तसं म्हणायला गेला आणि चांगला अर्धा तास ऐकून परतला. नागसेन गार्ड होता. इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या लाईनीच्या पॅसेंजरचा गार्ड. पुढं ती लाईन मोठी करायची ठरली, गाडी बंद पडली, रूळ उखडले गेले. आता असल्या माणसानं काय करावं? त्यानं गाडी घरात आणली.

आणली म्हणजे बनवली. बाजारात मिळणारे मॉडेलचे डबे सगळे मोठ्या लाईनीचे, लांबलचक आणि ऐटबाज. नागसेन ते घरी आणायचा आणि बारीक करवतीनं कापायचा. रुंदीतून एक पट्टी काढायची, लांबीतून एक तुकडा, चाकं एकमेकांजवळ आणायची आणि त्या सांगाड्यावर नव्या भिंती चढवायच्या. भिंती, खिडक्यांचे गज, लाकडी बाकं, छपरावरच्या हवेच्या टोप्या, सगळं त्याची मुलगी दीप्ती छापून आणायची. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला राहते, एका पॉलिटेक्निकात शिकवते. तिथं थ्रीडी प्रिंटर आहे, पोरं घरी गेली की ती बापाची कामं त्यावर लावायची. छापलेल्या भिंतीवर आडव्या रेघा राहतात. त्या मिटेपर्यंत नागसेन पॉलिश पेपर घासत बसे, मग आपल्या वेळचा लाल रंग देई.

त्याची बायको सिंधू या सगळ्यावर यथेच्छ तोंडसुख घ्यायची. घरभर भुसा, दिवाणावर डबे, फ्रिजवर डिंकाच्या बाटल्या. 'म्हातारपणी सवत आणली' असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. नागसेन म्हणे, सवत बरी, खायला तर मागत नाही. मग सिंधू मुद्दाम त्याचा चहा उशिरा करी. असं त्यांचं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर फार छान चाललं होतं.

मग सिंधूचं विसरणं सुरू झालं. आधी भाज्यांची नावं गेली, मग वार गेले, मग अंगणातला नळ बंद करायचा असतो हे गेलं. नागसेननं ते हसण्यावारी नेलं. म्हातारपणी कोण विसरत नाही? पण दसऱ्याला तिच्या माहेरची, भिवापूरची माणसं नेहमीप्रमाणे दीक्षाभूमीसाठी आली, घरातच उतरली. सगळे जेवायला बसले होते. सिंधूनं वरण वाढता वाढता नागसेनकडं पाहिलं आणि आदरानं विचारलं, "भाऊ, तुम्ही कुठून आले?"

पाहुण्यांना वाटलं, ताई थट्टा करून राहिली. सगळे हसले. नागसेनही हसला. हात धुवायला म्हणून तो उठला आणि मोरीपाशी बराच वेळ नुसता नळ सोडून उभा राहिला.

त्या दिवसापासून तो 'भाऊ' झाला. मोठं विचित्र दुखणं होतं ते. दीप्तीला सिंधू ओळखायची, निदान बहुतेक वेळा. आपलं लग्न झालंय, नवरा रेल्वेत गार्ड आहे, ड्युटीवर गेलाय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त तो नवरा आणि घरातला हा टकला, कवळी लावणारा म्हातारा यांची गाठ काही पडेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दुखणं थोडं सावकाश वाढेल म्हणाले. गेलेलं परत येईल का, हे विचारायची नागसेनची हिंमत झाली नाही. त्याला फार काही नको होतं हो. एकदा, फक्त एकदा तिनं आपल्याकडं पाहून आपल्याला ओळखावं, एवढंच. मग पुन्हा विसरली तरी चालेल.

अशानं त्याला गार्डाचा डबा बनवायचं सुचलं.

त्याच्या गाडीत सगळं बनून तयार होतं, एवढा शेवटचा डबा राहिला होता. स्वतःचाच म्हणून त्यानं तो पुढं ढकलला असेल. आता मात्र तो हात धुऊन मागे लागला. कारण त्याला शिट्टी आठवली होती. दीप्ती लहान असताना ते दिघोरीच्या बाजूला, रुळाला लागून एका खोलीत राहत. संध्याकाळची गाडी परत येताना त्या खोलीवरून जायची, आणि नागसेन मागच्या डब्यातून शिट्टी फुंकायचा. दोन आखूड, एक लांब. कारण नसताना शिट्टी मारणं नियमात बसत नव्हतं, पण ड्रायव्हर आपला माणूस होता, त्याला ठाऊक होतं. ती शिट्टी ऐकली की सिंधू भात टाकायची. नागसेन इतवारीला उतरून, कागदपत्रं देऊन, सायकल हाणत घरी पोचेपर्यंत भात वाफेवर येई. कित्येक वर्षं त्या घरात घड्याळाची गरज पडली नाही.

ती शिट्टी तिच्या कानात घातली तर? सगळं गेलं तरी तेवढं राहिलं असेल, असं त्याच्या मनानं घेतलं.

दीप्तीनं भिंती छापल्या, हातब्रेकचं चाक छापलं, गार्डाची अरुंद खुर्ची छापली. नागसेननं छताला तांदळाएवढे पिवळे दिवे डाक देऊन जोडले आणि मागं एक लाल. त्याचे हात आता थरथरत, डाक भलतीकडंच पडे, तो चिडे, स्वतःलाच शिव्या घाली आणि पुन्हा बसे. दीप्तीनं गार्डही छापून आणला. त्याच्या नोकरीच्या सुरवातीच्या फोटोवरून तिनं तो केला होता. नखाएवढा माणूस, पांढरा ड्रेस, काळ्याभोर मिशा, हातात हिरवी झेंडी. नागसेननं त्या मिशा स्वतः रंगवल्या आणि खूश झाला. शिट्टी मात्र त्याला जमेना. जुनी पितळी शिट्टी घासूनपुसून काढली, पण दम पुरत नव्हता, कवळी आडवी येत होती. दीप्ती मोबाईल धरून बसली होती, आणि बाप फुंकून फुंकून लाल झाला होता. शेवटी कवळी काढून ठेवली तेव्हा लांब शिट्टी नीट निघाली. तो आवाज एका चिपमध्ये भरून, डब्याच्या पोटात छोटासा स्पीकर बसवून झाला. टेबलावर मांडलेल्या रुळांमध्ये लोहचुंबक ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या वळणावर डबा आला की शिट्टी व्हायची.

पहिल्यांदा गाडी सोडली ती संध्याकाळीच. सिंधू दिवाणावर पदराचं टोक चाळवत बसली होती. नागसेननं दिवा मालवला. खिडक्यांमधून पिवळा उजेड टाकत गाडी टेबलावरून निघाली, वळणावर आली आणि वाजली. दोन आखूड, एक लांब.

सिंधूनं मान वर केली. उठली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्यात हात घातला.

सिंधू पेटवून विसरेल या भीतीपोटी दीप्तीनं गॅस खालून बंद ठेवायला लावला होता. नागसेन धावला, त्यानं तो चालू केला आणि तिच्या बाजूला उभा राहिला. तिचे हात काहीच विसरले नव्हते. तिनं तांदूळ धुतले, बोटाच्या पेरानं पाणी मोजलं, मीठ टाकलं, झाकण ठेवलं. नागसेनला रडू आवरेना. भात झाला. तिनं ताट वाढलं, कडेला ठेचा ठेवला, तेल घातलं. नागसेननं डोळे पुसले आणि किती दिवसांनी घरधन्यासारखा तो ताटावर बसला.

सिंधूनं ताट ओढून घेतलं. रागानं नाही, समजुतीनं. म्हणाली, "भाऊ, हे त्यांचं आहे. शिट्टी झाली, आता येतीलच ते."

आणि ताटावर दुसरं ताट झाकून ती दारात जाऊन उभी राहिली.

नागसेननं मनाची समजूत घातली. भात टाकला ना, आज भात आठवला, उद्या मी आठवेन. फोनवर त्यानं दीप्तीला फक्त भाताचं सांगितलं, तेही असं की पोरगी आनंदानं रडली. मग तो रोज गाडी सोडू लागला. रोज शिट्टी व्हायची, रोज ताट झाकलं जायचं. सिंधू आधी दारात उभी राही, मग फाटकापर्यंत जाई. रस्त्यानं जाणाऱ्याला विचारी, नागभीड पॅसेंजर लेट आहे का? ओळखीचे लोक मान खाली घालून पुढं जात, बिनओळखीचे हसत. अंधार पडला की ती आत येऊन झाकलेल्या ताटापाशी बसे आणि रडू लागे. स्वतः घास खात नसे. नवऱ्याच्या आधी ती कधीच जेवली नव्हती.

रविवारी दीप्ती आली. तिनं आईची सुकलेली मनगटं पाहिली, संध्याकाळचा सगळा प्रकार पाहिला, आणि बापाला अंगणात नेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही तिले रोज फलाटावर उभं करून राहिले."

नागसेन चवताळला. तुले काय समजते, म्हणाला. ती भात टाकते, तिचे हात चालतात, हे तुमच्या गोळ्यांनी झालं का? दीप्तीनं आपली पिशवी उचलली. डोळे पुसून वाडीला निघून गेली. पण रागाचा भर ओसरल्यावर नागसेनच्या ध्यानात आलं की पोरगी बरोबर बोलली. आपण चुकलो कुठं, तेही त्याला दिसलं. त्या शिट्टीचा अर्थ 'मी आलो' असा कधी नव्हताच. अर्थ होता, मी अजून गाडीत आहे, तू थांब. शिट्टी झाल्यापासून सायकल दारात लागेपर्यंत सिंधू काय करत असेल, हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? तेव्हा तो गाडीत असायचा. जन्मभर ती अशीच दारात उभी असणार, आणि आपण भात गरम मिळाला म्हणून खूश. याची त्याला इतकी लाज वाटली की रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी सोडली नाही. पण त्या न सोडण्यानं तर आणखीच घात झाला. दिवेलागण झाली तशी सिंधू येरझारा घालू लागली. आज शिट्टी काहून नाही झाली? गाडी घसरली का? कोणी काही बोलत काहून नाही? तिचे हात गार पडले. नागसेनला ते बघवेना. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सिंधू, मी इथंच आहे वं. मी नागसेन."

तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग टेबलावरच्या डब्यात उभ्या असलेल्या काळ्या मिशांच्या गार्डाकडं पाहिलं. हळूच हात सोडवून घेतले, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढला आणि भिंतीकडं सरकली.

"असं बोलू नये भाऊ," ती म्हणाली. "ते घरात नसताना."

ती त्याला घाबरली होती. आपली बायको आपल्याच घरात आपल्याला घाबरते, हे नागसेनला सोसलं नाही. त्या रात्री तो स्वयंपाकघरात सतरंजी टाकून झोपला आणि मधलं दार त्यानं उघडं ठेवलं, म्हणजे तिला दिसावं की हा माणूस लांब आहे.

सकाळी तो दाढी करायला बसला, तेव्हाच त्याचं ठरलं होतं. ओळख मागायची नाही. ती मागत बसलो तर ही बाई उपाशी मरेल.

संध्याकाळी त्यानं गाडी सोडली. दिवे लागले, शिट्टी झाली, सिंधूचा चेहरा निवला. तिनं भात टाकला, ताट वाढलं, झाकलं. ती दाराकडं वळायच्या आत नागसेन मागच्या दारानं बाहेर पडला, बोळातून वळसा घालून पुढं आला आणि कडी वाजवली. गाडी अडकली, डबल ड्युटी लागली की पूर्वी इतवारीहून कोणीतरी पोर्टर असाच निरोप घेऊन यायचा. तो पोर्टर दारात जसा उभा राही तसा नागसेन उभा राहिला. चपला बाहेर, मान खाली.

"वहिनी," तो म्हणाला. हा शब्द तोंडातून काढायला त्याला जड गेलं. "गार्डसाहेबांचा निरोप आहे. इतवारीहून लगेच पुन्हा नागभीडला जावं लागलं त्यांले. तुम्ही जेवून घ्या म्हणाले."

सिंधूनं दाराची चौकट धरली. "बरे आहेत ना?"

"एकदम बरे."

"जेवले?"

"जेवले वहिनी. पोटभर जेवले."

तिनं सुस्कारा सोडला. त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. मग ताटावरचं ताट काढलं आणि ती जेवायला बसली. भाताचे घास भराभर घेऊ लागली, ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं तरी थांबली नाही. नागसेन खुर्चीच्या कडेवर बसून बघत राहिला. किती दिवसांनी तिच्या पोटात रात्रीचं अन्न जात होतं. त्याला बरं वाटलं, आणि मग पुढचं दिसलं. उद्या हेच, परवा हेच. जोवर ती आहे तोवर रोज आपणच आपला निरोप आणायचा.

ताट रिकामं झालं. सिंधूनं हात धुतले, पदराला पुसले, आणि तो अजून बसलेलाच आहे हे पाहून तिला वाईट वाटलं.

"भाऊ, जा आता तुम्ही," ती मायेनं म्हणाली. "अंधार पडला. तुमची बाई वाट पाहून राहिली असन."

"हो वहिनी, निघतो," नागसेन म्हणाला. त्यानं चपला घातल्या, पायरी उतरला आणि स्वतःच्या घराचं दार बाहेरून ओढून घेतलं.