अण्णांच्या गाडीचा मूळ रंग

माझा धाकटा भाऊ गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. चेपलेला दरवाजा त्याच्याकडे द्या, धक्का कुठे बसला होता ते मालकालाही सापडायचं नाही. व्यवहारात मात्र शून्य. पंधरा वर्षं भाड्याच्या शेडमध्ये राबला, आणि जागेच्या मालकाने शेड विकायला काढली तेव्हा कुठे याला जाग आली. सहा महिन्यांत घेतोस तर घे, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, असं मालकाने तोंडावर सांगितलं.

सगळी भिस्त अण्णांच्या गाडीवर होती, ती विकून शेड घ्यायची. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडी, खाटेएवढं बॉनेट, मागे दोन्ही बाजूंना पंख. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मेकॅनिक. एका गिऱ्हाइकाच्या विधवेकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली आणि तेव्हा त्यांच्याकडेच भाड्याने असलेल्या याच शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली. महिन्यातून एकदा इंजिन चालू करायचे, बस. आम्हाला फडकंसुद्धा मारू द्यायचे नाहीत. "हिला हात लावायचा नाही. ही तुम्हा दोघांसाठी आहे, वेळ आली की सांगेन," एवढंच बोलायचे. का लावायचा नाही, हे विचारायची आमच्या घरात सोय नव्हती.

वेळ आली तेव्हा अण्णांना सांगता येईना. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मी माझा हिस्सा धाकट्याला सोडला. तो म्हणाला, "ताई, विकायचीच आहे तर अशी करून विकू की बघणाऱ्याने बघत राहावं." रात्रंदिवस खपून त्याने तो फिका, पोपडे आलेला हिरवा रंग पार पत्र्यापर्यंत घासून काढला. पुट्टी भरली, प्रायमर मारला, लाल रंगाचे सहा हात दिले.

अण्णांना आम्ही चाकाच्या खुर्चीतून रोज शेडमध्ये आणून बसवायचो. पहिल्या दिवशी घासायला सुरुवात झाली तसे ते डावा हात खुर्चीवर आपटायला लागले. घशातून आवाज, डोळ्यांतून धारा. झटक्यानंतर ते कशानेही रडायचे, भाजी आवडली तरी रडायचे. "बघ, अण्णांना आनंद आवरेना," धाकटा म्हणाला. मीही मान डोलावली. स्वतःला शहाणी समजणारी मी.

चार दिवसांनी हिरव्या रंगाचा ठिपकाही उरला नाही, आणि अण्णा शांत झाले. पुढे एकदा त्यांनी स्वतः हात पुढे करून पॉलिश पेपर मागितला आणि दरवाजावर वीतभर जागा डाव्या हाताने घासली. धाकट्याने त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

किंमत ठरवणारा माणूस आला तो गाडीपेक्षा चकचकीत बूट घालून. इंजिनचा नंबर, सांगाड्याचा नंबर, दोन्ही जुळले. तो खूश झाला. मग त्याने बॅटरी मारून पत्रा बघितला, रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र दरवाजाला लावलं आणि आकडा बघून परत खिशात टाकलं. धाकटा गाडीचे कागद आणायला शेजारच्या आमच्या घरात गेला तेव्हा तो माझ्याशी बोलला.

"ताई, काम उत्तम आहे. पण रंग काढायला नको होता."

"का? गंजायला ठेवायची होती?"

"पूर्वी चकचकीत गाडीला भाव होता. आता गुंतवणूक म्हणून घेणारे अस्सल मागतात. कारखान्यातून निघाला तोच रंग, मग तो कितीही उडालेला असो. नवा रंग कधीही मारता येतो, मूळ रंग एकदाच असतो. तो असता तर तुमच्या भावाने मागितली तेवढी किंमत आली असती. आता चौथा हिस्सा."

"थांबलो तर वाढेल?"

"अस्सल चार-दोन वाढतील. अशा रंगवलेल्या उतरतच जाणार. ज्यांना त्या चकचकीत हव्या होत्या, ते म्हातारे झाले."

मी अण्णांकडे वळले. ते माझ्याकडेच बघत होते. घासताना दिसला तो आनंद नव्हता. चार दिवस हा माणूस 'नको, नको' म्हणून ओरडत होता आणि आम्ही दोघं पोरं त्याच्यासमोर हसत होतो.

घराचं दार वाजलं, धाकटा परत येत होता. अण्णांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सावकाश मान हलवली. सांगू नकोस. त्या माणसालाही ते कळलं असावं. "ताई सांगतील," म्हणून तो निघून गेला.

"काय म्हणाले?" धाकट्याने विचारलं.

"बाजार पडलाय. आत्ता चौथा हिस्साच येईल म्हणतात."

त्याने कागद बाजूला ठेवले. मग त्याने दरवाजावरून तळवा फिरवला.

"बाजारबिजार काही नाही ताई. इथे माझा हात कच्चा राहिला. त्यांनी बॅटरी मारली तेव्हाच मी ओळखलं. हा रंग काढतो आणि पहिल्यापासून करतो. पुन्हा बोलव त्यांना."

शेड तर गेलीच होती. निदान आपल्या कामावरचा त्याचा विश्वास राहावा म्हणून मी खोटं बोलले, आणि त्याने दोष नेमका आपल्या कामालाच दिला. अण्णांनी डोळे मिटून घेतले. धाकट्याने तोंडाला फडकं बांधलं आणि घासायला बसला.