खळ घातलेलं आभाळ

मित्रांनो, मी एक जुना फलालिनीचा फळा आहे. खडूने लिहायचा काळा फळा नव्हे हं. माझ्या लाकडी पाटावर मऊ, लव असलेलं कापड ताणून बसवलेलं आहे. चित्राच्या पाठीला पॉलिश पेपरचा खरखरीत तुकडा चिकटवायचा आणि चित्र माझ्या अंगावर टेकवायचं, की ते तिथेच धरून राहतं. ना खिळा लागतो, ना टाचणी. शेवगावजवळच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये, बाजाच्या पेटीमागे माझा मुक्काम असतो. तिथे माझ्या अंगावर हे जग किती वेळा निर्माण झालं, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. फार थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म शेवगावच्या बाजारातल्या इब्राहिमभाई टेलरांच्या दुकानातला. आमच्या चर्चच्या संडेस्कूलमध्ये मुलांना शिकवणाऱ्या मार्थाबाई तेव्हा तरुण होत्या. एका खोक्याचा पाट काखोटीला मारून त्या दुकानात आल्या. इब्राहिमभाईंकडे बाळांच्या झबल्यांची निळी फलालीन उरली होती.

"कशाला पायजे, बाई?" त्यांनी विचारलं.

"देवानं सहा दिवसांत जग कसं केलं, ते पोरांना दावायचंय."

"आमच्यात बी सहाच दिवस हायेत," इब्राहिमभाई म्हणाले. त्यांनी कापड पाटावर ताणून बसवलं, पण एक सुरकुती दिसताच ते पुन्हा उसवलं आणि नव्याने ताणलं. "आभाळाला सुरकुती नको," असं स्वतःशीच पुटपुटले. मला घडवणाऱ्याने माझी एवढी काळजी घेतली, याचा मला अजून अभिमान वाटतो.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. बाई आधी चर्चच्या अंगणात ठिकरीची सात घरं आखायच्या. पहिल्या घरात उजेड, दुसऱ्यात आभाळ, तिसऱ्यात जमीन आणि झाडं. मुलं लंगडी घालत प्रत्येक घरात त्या दिवशी झालेल्या गोष्टीचं नाव ओरडायची. सूर्य चौथ्या घरात असतो. पण दर वर्षी एखादं पोरगं पहिल्याच घरात "सूर्य!" म्हणून ओरडायचं आणि बाद व्हायचं. सातव्या घरात मात्र बसायचं, कारण त्या दिवशी देवाने विसावा घेतला. खेळ झाला की कात्री आणि खळीची वाटी बाहेर यायची. दुधाच्या पिशवीच्या चांदण्या, जुन्या लेसचे मासे, सरकी काढलेल्या कापसाची मेंढरं. कल्याण नावाच्या मुलाने एकदा हत्ती एवढा मोठा कापला, की आदाम त्याच्या पोटाखाली उभा करावा लागला. हे सगळं मी अंगावर वागवलं आणि एक मेंढरूही कधी खाली पडू दिलं नाही. आजूबाजूच्या गावांची मंडळी मला पाहुण्यासारखी मागून न्यायची. त्या कौतुकाने मी थोडा फुशारलोही होतो.

घात झाला तो मागच्या नाताळात. आमच्याकडे नाताळाआधी चर्चला रंग देतात आणि महिला मंडळ सगळं धुऊन काढतं. मंडळाची पुढारी रोहिणी म्हणजे कामाचा झपाटा. तिने पडदे सोडवले, मेजावरचं कापड ओढलं, माझी फलालीनही काढली. तिघांना एकाच बादलीत भिजवलं, एकाच बादलीत खळ घातली, वर कडक इस्त्री फिरवली आणि मला पुन्हा पाटावर ठोकलं. मी पापडासारखा ताठ झालो. लव पार बसून गेली. रोहिणीने हे मायेनेच केलं. तिचा मला राग नाही, पण तेव्हापासून माझ्या अंगावर काही म्हणून काही टिकेना.

चंद्र घसरायचा. मासे जमिनीवर यायचे. मुलं हसायची. मोठी माणसं मात्र माझ्याकडे बघायचीच नाहीत. ती बाईंच्या हाताकडे बघायची. "बाईंचा हात थरथरतो आता," असं आधी कुजबुजत आणि मग उघड बोललं जाऊ लागलं. कापूस वेचून बाईंच्या बोटांना घट्टे पडलेले, त्यामुळे माझा कडकपणा त्यांनाही कळला नाही. शेवटी चर्चच्या कमिटीने ठरवलं, की कापणीच्या सणाला बाईंनी शेवटची गोष्ट सांगावी. नंतर त्यांना शाल द्यावी आणि संडेस्कूलमध्ये भिंतीवर टीव्ही लावावा. कमिटीचा सेक्रेटरी होता तोच हत्तीवाला कल्याण, रोहिणीचा नवरा.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी बाई एकट्याच आल्या. त्यांनी सूर्य लावला, तो पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. सातआठ वेळा असं झाल्यावर त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "देवा, माझा हात एवढा वाईट झालाय व्हय?" मित्रांनो, तेव्हा मला वाचा असायला हवी होती. ज्या हाताने मला जन्मभर सांभाळलं, त्याच्यावर माझ्या दोषाचं खापर फुटत होतं. त्या दिवसाइतकं वाईट मला कधीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. पुढे बाजरीची कणसं, भोपळे, कापसाची गाठोडी रचली होती. बाईंनी पहिल्या दिवसाचा पिवळा उजेड लावला आणि तो लगेच सुटला. पण खाली पोचण्याआधीच आठ वर्षांच्या कृपाने उडी मारून तो तळव्याने दाबून धरला. मग दुसऱ्या दिवसाचं आभाळ घसरलं. तिथे मुलांचा हात पोचेना.

"कल्याणकाका, तुमी उंच हाय!" कृपा ओरडली. "आभाळ धरा की!"

सगळे हसले. कल्याण ओशाळून उठला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. त्यानंतर मुलांना सांगावं लागलं नाही. कुणी झाडं धरली, कुणी सूर्य, कुणी मासे. बाईंनी गोष्ट मुळीच आटोपती घेतली नाही. एकेक पक्षी सावकाश उडवला. सहावा दिवस येईपर्यंत कल्याणच्या दंडाला कळ लागली होती, आणि त्याची बोटं माझ्या कापडावर सरकत होती.

"बाई," तो एकदम म्हणाला, "ह्याला खळ घातलीय का?"

बायकांच्या बाजूने रोहिणी उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "मीच घातली, बाई. नाताळाला, पडद्यांच्या संगं. लई मळला हुता म्हून... चुकलं माझं."

"म्हंजी वरीसभर बाईंचा हात..." कल्याण म्हणाला.

बाईंनी स्वतःचा हात उजेडात धरला आणि खालीवर करून पाहिला. तो जराही थरथरत नव्हता. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बस गं रोहिणी. आभाळाला इस्त्री मातुर झ्याक केलीस."

हसू ओसरल्यावर त्यांनी सातवा दिवस सांगितला. सगळं करून झालं आणि देवाने विसावा घेतला.

"बाई, मग आमी हात काढू?" कृपाने विचारलं. तिचा हात केव्हाचा अवघडला होता.

"देव विसावला गं," बाई म्हणाल्या. "तुला कुनी सांगितलं विसाव म्हून? धर."

आणि एकानेही हात काढला नाही, कल्याणनेसुद्धा.

संडेस्कूल बाईंकडेच राहिलं. रोहिणीने मला तीनदा कोमट पाण्यात भिजवलं, तरी गेलेली लव निम्मीच परत आली. अजूनही चंद्र घसरतो आणि कुणीतरी पोरगं तो धरतं. मी थकलेलाच आहे, त्यात काही बदल नाही. पण मित्रांनो, वर्षभर सगळं गाव बाईंच्या हाताकडे बघत राहिलं आणि मला एकानेही हात लावून पाहिला नाही. कुणाचा हात थकला असं म्हणण्याआधी तेवढं करत जा.