घरजावयाचा चौकोन

स्वीडनमधल्या हुदिक्सवाल गावच्या वाचनालयाच्या तळघरात तीन संगणक होते, तीन खुर्च्या होत्या आणि एकच नियम होता. ज्याचं घराणं बुडालं, त्यानं खुर्ची सोडायची. रडायचं नाही, "माझा माऊस अडकला होता" म्हणायचं नाही. मुकाट्यानं उठायचं, बूट घालायचे, दाराला चिकटवलेल्या यादीत सगळ्यात खाली आपलं नाव लिहायचं आणि घरी जायचं.

तूवाचं नाव त्या यादीत सव्वा वर्ष होतं. सप्टेंबरात एकदाची खुर्ची मिळाली, तेव्हा तिनं खुर्चीच्या पाठीला हिरवी रिबीन बांधली होती. कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायची, "दृष्ट लागू नये म्हणून."

खेळ राजेरजवाड्यांचा. साल अकराशे काहीतरी. पडद्यावर अख्खा युरोप पसरलेला. लढायचं, राज्य करायचं, म्हातारं होऊन मरायचं आणि मग आपल्याच वारसाच्या अंगात शिरून पुढे खेळायचं. वारस मात्र आपल्या घराण्याचा हवा. सतरा वर्षांच्या याल्मारकडे डेन्मार्क होतं आणि तो दर शनिवारी कुणावर तरी स्वारी करायचाच. रूबेनकडे नोव्होगोरोद होतं आणि तो कुणावरच स्वारी करायचा नाही, नुसता पैसा साठवायचा. तूवाकडे होती दोन बेटं, गोटलंड आणि ओलंड. तिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त.

लढाईत आपल्याला कुणी विचारणार नाही, हे तूवाला पहिल्याच शनिवारी कळलं. म्हणून तिनं दुसराच उद्योग काढला. लग्नं लावायची!

झालं काय, की प्रत्येक राजाच्या दरबारात पन्नासेक माणसं नुसती उभी असतात. ससाणे पाळणारा, आचारी, विधवा शिंपीण, कुणाचा तरी चुलतभाऊ. खेळ त्या प्रत्येकाला नाव देतो, चेहरा देतो, स्वभावही देतो. हा लाजाळू, ती खादाड, तो डूख धरणारा. बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. तूवाला मात्र राहवायचं नाही. "चाळीस वर्षांचा झाला बिचारा, आणि याचं कुणी बघितलंच नाही?" असं म्हणत ती लाजाळूला बडबडी शोधायची, खादाडीला आचारी. आपल्या दरबारात जोडी नाही मिळाली, तर शेजारच्या राजाकडे मागणी घालायची. प्रत्येक लग्न पिवळ्या वहीत लिहायची. बासष्ट लग्नं झाली होती, आणि त्यातली निम्मी तिला तोंडपाठ होती.

मागणी गेली की समोरच्याच्या पडद्यावर निरोप उमटतो. याल्मार बहुतेक वेळा कुठल्यातरी किल्ल्याला वेढा घालून बसलेला असायचा.

"आली बघ, वधूवर सूचक मंडळाची चिठ्ठी," असं म्हणून तो न वाचताच होकार द्यायचा. "घेऊन जा कोण हवंय ते. मला लढू दे."

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सगळं छान चाललं होतं. सगळे बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसले होते, वाचनालयाच्या गुन्वोरबाई वर कॉफी करत होत्या, आणि यादीत पहिला नंबर असलेली मायकेन कोपऱ्यातल्या बाकावर स्वतःचा माऊस मांडीवर घेऊन बसली होती. मायकेन तूवाच्याच वर्गातली. वाईट नव्हती ती. फक्त दर दहा मिनिटांनी "कुणी मरतंय का?" असं विचारायची.

"मरतंय," तूवा म्हणाली. तिच्या पडद्यावर नुकताच निरोप आला होता. तिची राणी, गोटलंडची रागनहिल्ड, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती. "पण काळजी नाही. नऊ वर्षांचा मुलगा आहे मला. क्नूट. गुटगुटीत आहे अगदी."

याल्मार हसला. असातसा नाही. खुर्ची मागे ढकलून, डोक्यामागे हात घेऊन.

"तूवा, क्नूटच्या नावाशेजारची ढाल बघ जरा."

"का?"

"बघ तर."

तूवानं बघितली. तिच्या घराण्याची ढाल तिनं स्वतः काढली होती, हिरव्यावर पांढरं हंसपिल्लू. क्नूटच्या नावाशेजारी हंसपिल्लू नव्हतं. तांबडा रानडुक्कर होता. याल्मारचा.

"हे काय? माझ्या पोटचा पोर आहे तो!"

"पोर तुझ्या पोटचा, घराणं माझं. माझा धाकटा राजपुत्र तुझ्या राणीला नवरा म्हणून दिला, आठवतंय? तू इतकी खूश झालीस की खालचा चौकोन बघितलाच नाहीस."

मागणीच्या निरोपाखाली एक इवलासा चौकोन असतो. तो रिकामा सोडला तर रिवाजाप्रमाणे बायको नवऱ्याकडे नांदायला जाते आणि मुलं नवऱ्याच्या घराण्याची होतात. राणी आपल्या राज्यात राहिली तरी मुलं नवऱ्याचीच. चौकोनात खूण केली की सगळं उलटं, म्हणजे नवरा घरजावई आणि मुलं बायकोच्या घराण्याची. बाई गादीवर असेल तर तो चौकोन जिवापेक्षा जपायचा असतो. हे तूवाला माहीत नव्हतं असं थोडंच? दरबारातल्या लंगड्या आस्लौगच्या लग्नात खूण केली होती, शिंपिणीच्याही केली होती. आणि स्वतःच्या राणीच्या वेळी, डेन्मार्कचा राजपुत्र आला म्हणून टाळ्या वाजवण्याच्या नादात... लोकांची लग्नं लावणारीनं आपल्याच घरी असा घोळ घालावा!

"म्हणजे रागनहिल्ड गेली की..." मायकेन बाकावरून उठली.

"गोटलंड माझ्या नातवाचं," याल्मार म्हणाला. "आणि खुर्ची तुझी."

"नियम काय आहे पण?" तूवा म्हणाली. "घराण्यातल्या कुणाही माणसाकडे वीतभर जमीन असली, तर त्याला घेऊन पुढे खेळता येतं. येतं ना, रूबेन?"

"येतं," रूबेन म्हणाला. "पण आहे कोण तुझ्या घराण्यात? रागनहिल्डचा भाऊ अस्वलानं खाल्ला. आम्ही सगळ्यांनी बघितलंय."

तेवढ्यात वरून घंटा वाजली. गुन्वोरबाईंची तीन वाजताची घंटा. घंटा झाली की खेळ थांबतो. मग कुणी मरत असो, कुणी जन्मत असो. साबणानं हात धुवायचे आणि वर जाऊन बसायचं.

बाकीचे धावले. फेब्रुवारी म्हणजे सेमलाचे दिवस. बदामाचा गोळा आणि ढीगभर क्रीम भरलेले बन ताटात रचलेले होते. तूवानं एक घेतला, वरचं झाकण नुसतं चाटलं आणि पिवळी वही उघडली.

"काय गं, दुखवट्याची पत्रं लिहितेस का?" याल्मारच्या नाकाला क्रीम लागलं होतं.

"नाक पूस आधी, डेन्मार्कच्या महाराजा."

ती पानं उलटत राहिली. लग्न क्रमांक एक, दोन, नऊ. सतराव्याला थबकली. *आस्लौग, रागनहिल्डची चुलत आत्या. लंगडी. जिभेची तिखट. दोन शनिवार स्थळ मिळेना. शेवटी बू, घोड्यांची निगा राखणारा, स्वभाव गरीब. चौकोनात खूण.* आणि शेजारी तूवाच्याच अक्षरात, *बिचारीला निदान नाव तरी राहू दे.*

बू घरजावई झाला होता! मग मुलं असलीच तर हंसपिल्लाची! पण आस्लौगचं भांडण झालं होतं रागनहिल्डशी, आणि ती नवऱ्याला घेऊन दरबार सोडून गेली होती. कुठं?

तूवानं उरलेला सेमला दोन घासांत कोंबला आणि सगळ्यांच्या आधी खाली पळाली. खेळ थांबलेला असला तरी बघता येतं. आस्लौगचं नाव शोधलं. वारलेली. बू, तोही वारलेला. मुलं एक. तोरुन, वय एकोणीस, अविवाहित. ढाल हिरवी, तिच्यावर पांढरं हंसपिल्लू. राहणार डेन्मार्क, याल्मारचा दरबार.

अर्थातच अविवाहित. याल्मारच्या दरबारात कुणाचं लग्न कधी होईल तर शपथ!

तूवानं बोटांवर मोजलं. तोरुनला इकडे आणायचं तर एकच वाट, आपल्या दरबारातल्या कुणासाठी तरी तिचा हात मागायचा. चौकोन रिकामा ठेवायचा, म्हणजे नवरी नवऱ्याकडे येईल. आली की तिला ओलंड बेट देऊन टाकायचं. मुलांचं पुढचं पुढं. आता नवरदेव काढा.

तिनं आपल्या दरबाराची यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. ससाणेवाला विवाहित. आचारी विवाहित. तिन्ही चुलतभाऊ विवाहित. अख्ख्या गोटलंडात लग्नाचा एक पुरुष शिल्लक नव्हता. सगळे हिनंच उजवून टाकले होते! उरला होता एक गुदमुंड. मासे मोजणारा, वय अठ्ठावन्न, दोनदा विधुर, स्वभाव पिण्याचा आणि रडण्याचा.

"माफ कर गं बाई," तूवा तोरुनच्या चेहऱ्याकडे बघून पुटपुटली.

सगळे परत आले. याल्मारनं हात पँटला पुसले आणि खेळ चालू झाला. रागनहिल्डचं दुखणं वाढलं होतं. घडी पळत होती, आठवड्यामागून आठवडे. तूवानं मागणी पाठवली आणि याल्मारकडे बघायचं नाही असं ठरवून त्याच्याकडेच बघत राहिली.

त्याच्या पडद्यावर निरोप उमटला.

"अरे देवा!" तो ओरडला. "राणी मरायला टेकलीय आणि ही बाई अजून लग्नंच जुळवतेय. रूबेन, ऐक. नवरदेव अठ्ठावन्न. नवरी एकोणीस. मासे मोजतो म्हणे! लाज कशी नाही वाटत गं?"

"वाटतेय," तूवा म्हणाली. ते मात्र अगदी खरं होतं.

"कोण आहे ही तोरुन?"

त्यानं माऊसचा बाण त्या नावावर नेला. नावावर एकदा टिचकी मारली असती तर चेहरा उघडला असता, आणि चेहऱ्याशेजारी ढाल. मायकेनची मांडी हलत होती, तिच्यावरचा माऊस हलत होता.

"याल्मार, तुझ्या वेढ्यातून लोक पळतायत," रूबेन म्हणाला.

"कुठं?" याल्मारचा बाण नकाशाकडे धावला. जाता जाता सवयीनं होकारावर एक टिचकी. "घे, ने. लग्नात मासे खाऊ घाल म्हणावं."

तोरुन गोटलंडच्या बंदरात उतरली. घाईघाईत तिला ओलंड बेट द्यायला तूवाला दोनदा प्रयत्न करावा लागला. पहिल्यांदा तर ते चुकून गुदमुंडलाच जात होतं.

आणि तीन आठवड्यांनी रागनहिल्ड गेली.

तूवाचा पडदा काळा झाला. बाकीच्यांच्या नकाशात गोटलंडवर तांबडा रानडुक्कर चढला. याल्मारनं टेबलावर नगारा वाजवला. मायकेननं जॅकेट खुंटीला नीट अडकवलं, खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि जरा ओशाळून म्हणाली, "सॉरी हं, तूवा. खरंच. रिबीन तू घेऊन जा."

"थांब," तूवा म्हणाली.

काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. *तुमच्या घराण्याची पुढची व्यक्ती निवडा.* खाली एकच नाव होतं, आणि नावाशेजारी हिरव्यावर पांढरं हंसपिल्लू.

"ओलंडची राणी तोरुन," रूबेननं मोठ्यानं वाचलं. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"हे... ही माझ्या दरबारातली होती!" याल्मार उभाच राहिला. "ही मासेवाल्याची नवरी!"

"होती. तूच दिलीस. मी रीतसर विचारलं, तू हो म्हणालास."

"तू सांगितलं नाहीस ती तुझ्या घराण्याची आहे म्हणून!"

"आणि तू चौकोनाचं सांगितलं होतंस?"

याल्मार खाली बसला. मायकेननं खुंटीवरचं जॅकेट काढलं, पुन्हा बाकावर ठेवलं आणि पडद्याकडे मान वाकडी करून बघत राहिली.

"वय काय तिचं?"

"एकोणीस."

"शी!" मायकेन म्हणाली आणि माऊस पिशवीत टाकला.

घडी पुन्हा पळू लागली. तूवानं खुर्ची पुढे ओढली, रिबिनीची गाठ घट्ट केली आणि वहीत लग्न क्रमांक त्रेसष्ट लिहिलं. ते लिहून होईतो वसंत आला आणि गुदमुंड घशात काटा अडकून वारला. गेला बिचारा, पण त्याच्यावाचून काही झालं नसतं, म्हणून तूवानं त्याच्या नावापुढे फूल काढलं. मग तिनं डेन्मार्कच्या राजपुत्रांची यादी उघडली. तिसरा बरा होता. लाजाळू, आणि कविता करणारा.

याल्मारच्या पडद्यावर निरोप उमटला.

या वेळी त्यानं टिचकी मारली नाही. वेढा तसाच सोडून दिला. नाक पडद्याला लागेल इतका पुढे झुकला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागला. डेन्मार्कचं सैन्य वाट बघून बघून घरी गेलं. गुन्वोरबाई खाली येऊन "मुलांनो, चार वाजले, दिवे घालवतेय" असं सांगून गेल्या. तरी तो वाचतोच आहे.

"तूवा," शेवटी तो हळूच म्हणाला, "खालच्या चौकोनात खूण आहे."

"आहे ना."

"म्हणजे माझा पोरगा मेंढ्यांच्या बेटावर घरजावई?"

"मेंढ्या गरीब असतात रे," तूवा म्हणाली. "आणि सासू नाही. असं स्थळ तुला शोधून सापडणार नाही."