नावाचा कागद

भीमरावने पिशवीतून कागद काढला आणि अंजनाच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. दवाखान्याचा केसपेपर होता. एका कोपऱ्यावर पिवळा डाग वाळला होता, पण नाव स्पष्ट होतं. किसन भिवा गायकवाड, वय त्रेसष्ट, उल्हासनगर कॅम्प नं. १.

"नाल्याच्या कोपऱ्यावर सापडला, ताई," तो म्हणाला. "गादीच्या शिवणीत अडकला होता."

अंजनाने कागद उचलला. वडिलांना जाऊन आठवडा झाला होता आणि गादी तिनेच टाकली होती. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसांनी मयताची गादी घ्यायला नकार दिला होता. रिक्षावाल्याने लांबूनच हात हलवला होता. ती स्मशानात नेऊन जाळायची असते हे तिला ठाऊक होतं. पण आई आधीच गेलेली, घरात ती एकटी, आणि गादीचा वास काही केल्या खोलीतून जाईना. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने ती सुतळीने बांधली, ओढत पंपघरामागे नेली आणि नाल्याकाठी सोडून आली.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिच्या वडिलांनी, किसन मुकादमांनी, त्याला सोडलं नसतं. पालिकेच्या सफाई खात्यात पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं. नको त्या जागी ढीग दिसला की तो काठीने उकरायचा आणि नावाचा कागद शोधायचा. लाइटबिल, लग्नपत्रिका, पोस्टाचं पाकीट, काहीही चालायचं. मग त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं. दंड ते क्वचितच करत. ज्याने टाकलं त्याने चारचौघांत आपल्या हाताने उचलायचं, एवढंच. त्यांच्या जागी आलेल्या भीमरावला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

"मी तिथंच फाडला असता," भीमराव खाली बघत म्हणाला. "पण कापडवाला शेठ बाजूला उभा होता. त्याने मोठ्याने वाचला."

"काय म्हणाला?"

त्याने मान पुसली. "अपने मुकादम का ही माल है, म्हणाला. हसले सगळे."

मग तो घाईघाईने बोलू लागला. पोरांना सांगून गादी गुपचूप उचलतो, कुणा टेम्पोवाल्याने टाकली असं सांगतो, दोन दिवसांत लोक विसरतील. अंजनाने सगळं ऐकून घेतलं. घर भाड्याचं होतं. बाबांच्या मागे काही राहिलं असेल तर ते नाव होतं, आणि ते आता नाल्याकाठी लोकांच्या तोंडी होतं.

तिने पदर खोचला. "मी उचलते," ती म्हणाली.

कोपऱ्यावर गादी ओळखू येत नव्हती. चार दिवसांत तिच्यावर भाजीचा पाला, फुटकी बादली आणि जीन्सच्या कारखान्यांतल्या चिंध्या येऊन पडल्या होत्या. चिंध्यांचा निळा रंग ओघळून कापसात मुरला होता. चहाच्या टपरीवर सात-आठ माणसं होती. अंजना वाकली तेव्हा त्यांच्यातला एकजण पुरेशा मोठ्याने म्हणाला, "बापाचा कायदा लेकीला लागला." कुणी त्याला गप्प केलं नाही.

तिने चिंध्या बाजूला केल्या आणि गादीला हात घातला. गादी हलेना. जोर लावला तर कापड फाटलं आणि ओला कापूस मुठीत आला. भीमराव पुढे सरसावला, पण तिने मानेनेच नको म्हटलं.

तेवढ्यात समोर सुकी मासळी घेऊन बसलेली बाई उठली. साठीची असावी. तिने टोपलीवर गोणपाट टाकलं, रस्ता ओलांडून आली आणि गादीचं दुसरं टोक धरलं.

"मधी धरू नको. कडंनं धर," ती म्हणाली. "मधी फाटतीच."

दोघींनी मिळून गादी पालिकेच्या ढकलगाडीवर चढवली. भीमराव मागे राहून जागा झाडू लागला. स्मशानाचा रस्ता सरळ होता. टपरी मागे पडली.

"बारा वर्सं झाली," बाई म्हणाली. "माझंबी दार तुझ्या बापानं वाजवलं होतं. विठा आडारकर कोण, म्हणून. रेशनच्या चिठ्ठीवर नाव सापडलेलं त्यास्नी. अशीच गादी होती. डोक्यावर घेऊन गेले, एकलीच."

अंजनाचा हात गाडीच्या दांड्यावर थांबला. "कोणाची होती, मावशी?"

"नवऱ्याची. चार दिस झालते. टीबी होता त्याला." विठाबाईने पदराने ओठ पुसले. "सांगितलं असतं तर सोडलं असतं त्यांनी, माहीत होतं मला. पण माणसं उभी होती. टीबी म्हटल्यावर माझ्या हातची मासळी कोण घेणार? दोन पोरी होत्या. मग गप उचलली."

गाडीचं चाक खड्ड्यात अडकलं. दोघींनी रेटा दिला.

"घरी काय बोलले का गं ते, तवा?"

अंजना त्या वेळी कॉलेजात होती. त्या संध्याकाळी बाबा जेवता जेवता ताटावरून उठले होते. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डोक्यावर घेतला, तोंडावर पदर ओढल्यासारखा केला आणि मान ताठ ठेवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवलं. एक शब्द बोलली नाही बाई, ते म्हणाले होते, माणूस असा पाहिजे. आईला हसू आवरेना. पुढे पाहुणे आले की हे व्हायचंच. कधी बाबा विसरले, तर अंजनाच आठवण करून द्यायची. बाबा, ती गादीवाली बाई दाखवा ना.

विठाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," अंजना म्हणाली. "कधीच नाही."

विठाबाईने मान हलवली. स्मशानाचं फाटक आल्यावर तिने पुढे होऊन कडी काढली.

"मंग माणूस चांगला होता तुझा बाप," ती म्हणाली.

अंजनाने गाडी आत लोटली.