शहाणी ट्रॉली

दुकानात शहाण्या ट्रॉल्या आल्या आणि कॅशियरबाईंचा गल्ला गेला. उभी हयात बसून बिलं केलेल्या बाईंना आता दिवसभर उभं राहून एकच काम उरलं होतं. ट्रॉली अडली की गळ्यातलं कार्ड तिला टेकवायचं आणि गिऱ्हाइकाची माफी मागायची. चूक यंत्राची, बोलणी बाईंना.

"माल टाका, ट्रॉलीच वजन करते, ट्रॉलीच बिल करते," मॅनेजर येईल त्याला सांगायचा. पोटच्या पोरीचंही कुणी इतकं कौतुक करत नसेल, असं बाईंना वाटे.

एके दिवशी त्याने मोठ्या हौसेने सासूबाईंनाच आणलं. गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाईंनी साबण घेतला, तेल घेतलं आणि दमून खांद्यावरची पर्स ट्रॉलीत ठेवली. ट्रॉली कोकलू लागली. चाकं जाम झाली, पडद्यावर लाल अक्षरं उमटली: ‘बिल न केलेली वस्तू.’

"आई, पर्स काढा बरं," मॅनेजर कसंनुसं हसला.

त्यांनी काढली. ट्रॉलीला तेही खपलं नाही. ‘वस्तू काढून घेतली आहे.’ दारावरचा पहारेकरी धावत आला आणि सवयीने म्हणाला, "बाई, पर्स उघडून दाखवा."

सगळं दुकान बघत होतं.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चोर ठरवायचं होतं तर घरीच ठरवायचं. एवढी पायपीट कशाला?"

मॅनेजर कॅशियरबाईंवर खेकसला, "बघत काय राहिलात? कार्ड लावा."

बाईंनी लावलं. पडद्याने कारण विचारलं. पर्याय दोनच: ‘चोरीचा प्रयत्न’ आणि ‘ग्राहकाची चूक’.

"यातलं खरं एकही नाही, साहेब," बाई बाजूला झाल्या. "तुमच्या घरचं माणूस. तुम्हीच दाबा."

इकडे आड, तिकडे विहीर. त्याने ‘ग्राहकाची चूक’ दाबलं. सासूबाईंनी ते नीट वाचलं, माल तिथेच टाकला आणि समोरच्या किराणावाल्याकडे गेल्या. त्यानंतर आठवडाभर मॅनेजरशी घरात कुणी धड बोललं नाही.

त्यातून तो शिकला म्हणायचं तर एवढंच, की त्याने दारात पाटी लावली: ‘ट्रॉलीत पर्स ठेवू नये.’

"मग ठेवायची कुठे?" दिवस भरत आलेल्या एका बाईने विचारलं.

"खांद्यावरच असू द्या, ताई," कॅशियरबाई म्हणाल्या. "ट्रॉली नाजूक आहे."